खुर्ची महापौरांची, सही आयुक्तांची

आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी सकाळी मुलांचा अभ्यासवर्ग भरतो. मागे एकदा नागरिकशास्त्राचा धडा चालू होता. आम्ही फळ्यावर लिहिले, ‘महापौर हा शहराचा प्रथम नागरिक असतो.’ मुलांनी वहीत उतरवून घेतले. नववीतल्या एका मुलीने मात्र हात वर केला. तिची आई सफाई कामगार आहे. ती म्हणाली, “काका, महापौर पहिले, तर आईच्या नेमणुकीच्या कागदावर आयुक्तांच्या हुकुमाने असे का लिहिले आहे? महापौरांच्या हुकुमाने का नाही?”

आम्ही वीस वर्षे कारकुनी करीत आहोत. कागद कोणाच्या सहीने हलतो हे आम्हाला कोणी शिकवायला नको. तरीही त्या मुलीपुढे आम्ही चाचरलो. कारण तिने विचारला होता तो प्रश्न साधा नव्हता. मुंबई महापालिकेचा दीडशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास त्या एका प्रश्नात सामावलेला आहे. त्या मुलीला त्या दिवशी जे सांगता आले नाही, ते या आठवड्यात वाचक बंधू-भगिनींपुढे मांडीत आहोत.

करदात्यांचा दरबार

१८६५ च्या कायद्याने मुंबईतल्या ‘जस्टिस ऑफ द पीस’ मंडळींची, म्हणजे सरकारने नेमलेल्या बड्या लोकांची, एक संस्था बनविली आणि शहराचा कारभार एका कमिशनरच्या हाती सोपविला. आर्थर क्रॉफर्ड हे पहिले कमिशनर. माणूस धडाडीचा. त्यांनी रस्ते केले, गटारे केली, मोठी मंडई उभी केली. १८६९ मधली ती क्रॉफर्ड मार्केटची इमारत आज महात्मा जोतिबा फुले मंडई या नावाने ओळखली जाते. पण क्रॉफर्ड यांचा हात खर्चाला सैल होता. तिजोरीत जमा किती आणि आपण उधळतो किती, याचा मेळ राहिला नाही. १८७१ मध्ये करदाते चिडून उठले.

त्या वेळी फिरोजशहा मेहता हे पंचवीस-सव्वीस वर्षांचे तरुण बॅरिस्टर होते. सगळे कमिशनरच्या नावाने खडे फोडीत असताना त्यांनी वेगळा मुद्दा मांडला. कारभार एका माणसाच्या हाती असण्यात दोष नाही, त्याला जाब विचारणारे लोकनियुक्त सभागृह नाही हा खरा दोष आहे, असे त्यांचे म्हणणे होते. वाचकांनी हा मुद्दा ध्यानात ठेवावा. लेखाच्या शेवटी आम्हाला पुन्हा तिथेच यायचे आहे.

१८७२ चा कायदा झाला आणि १८७३ मध्ये निवडून आलेल्या सभासदांसह नवी महापालिका बसली. एकूण सभासद ६४. त्यांपैकी ३२ करदात्यांनी निवडलेले, १६ जस्टिस मंडळींनी निवडलेले आणि १६ सरकारने नेमलेले. म्हणजे निम्मी लोकशाही. पण त्या निम्म्या लोकशाहीतले ‘लोक’ कोण होते? ठरलेल्या रकमेएवढा कर भरणारे घरमालक आणि व्यापारी. ज्याचे घर नाही त्याला कराची पावती नाही. ज्याच्याकडे पावती नाही त्याला मत नाही. पहाटे उठून शहराचा मैला डोक्यावरून वाहणाऱ्या माणसाला महापालिका रोज दिसत होती, पण महापालिकेच्या मतदार यादीत तो माणूस नव्हता.

१८८८ चा कायदा

त्यानंतर आला १८८८ चा मुंबई महापालिका कायदा. फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी कायदेमंडळात या विधेयकावर मोठी झुंज दिली. शहराची सर्वोच्च संस्था महापालिकेचे सभागृह हीच असली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. वेळोवेळी दुरुस्त्या होऊन हाच कायदा आजही मुंबईला लागू आहे. आपल्या देशाची राज्यघटना १९५० ची आणि मुंबईचा कायदा तिच्याही आधी बासष्ट वर्षांचा!

या कायद्याने तीन खांब उभे केले. पहिला, सभागृह म्हणजे महापालिका. दुसरा, स्थायी समिती, जिच्या हाती पैशाच्या किल्ल्या. तिसरा, आयुक्त. कायद्याच्या ६४ व्या कलमाने अंमलबजावणीचा सारा अधिकार आयुक्ताला दिला. आयुक्ताची नेमणूक सभागृह करीत नाही, राज्य सरकार करते. त्याला दूर करायचे तर एकूण सभासदांपैकी पाच अष्टमांश सभासदांनी तसे मत द्यावे लागते. आमच्या भाषेत सांगायचे तर सभागृहाने ठराव करायचा, स्थायी समितीने पैसा मंजूर करायचा आणि आयुक्ताने काम करायचे.

मग महापौर कुठे बसले? तर सभागृहाच्या अध्यक्षाच्या खुर्चीत. महापौर सभा चालवितात, सभासदांना बोलू देतात किंवा थांबवितात, मते समसमान पडली तर निर्णायक मत देतात, परदेशी पाहुण्यांचे शहराच्या वतीने स्वागत करतात. मान मोठा आहे. पण एखाद्या कामगाराची नेमणूक, एखाद्या नळाची जोडणी, एखाद्या अनधिकृत बांधकामावरची नोटीस, यांवर महापौरांची सही लागत नाही. आमच्या अभ्यासवर्गातल्या मुलीला हवे होते ते उत्तर हेच. तिच्या आईच्या कागदावर आयुक्तांचा हुकूम आहे, कारण १८८८ पासून लेखणी त्यांच्याकडे आहे.

सुरुवातीला या खुर्चीला महापौर हे नावही नव्हते. तिथे बसणाऱ्याला ‘प्रेसिडेंट’ म्हणत. १९३१ मध्ये ‘मेयर’ हे नाव आले आणि जे. बी. बोमन-बेहराम पहिले महापौर झाले. पुढे या खुर्चीत मोठी माणसे बसली. १९३५ मध्ये के. एफ. नरिमन झाले. १९४२ मध्ये समाजवादी युसूफ मेहेरअली यांची निवड झाली तेव्हा ते तुरुंगात होते. स. का. पाटील यांनी १९४९ ते १९५२ अशी सलग तीन वर्षे ही खुर्ची सांभाळली. पण नाव बदलले म्हणून अधिकार बदलले नाहीत. प्रेसिडेंटचा महापौर झाला, लेखणी होती तिथेच राहिली.

दहा रुपये भाड्याचा उंबरठा

आता मतदार यादीकडे वळू. आमच्या मते महापालिकेचा खरा इतिहास महापौरांच्या तसबिरींत सापडणार नाही. तो मतदार यादीत सापडेल.

१९२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. कर भरणाऱ्यांबरोबरच महिना दहा रुपये भाडे भरणाऱ्यांना मत मिळाले. सभासदांची संख्या १०६ झाली. स्त्रियांनाही दार उघडले आणि १९२३ मध्ये सरोजिनी नायडू आणि अवंतिकाबाई गोखले महापालिकेत जाऊन बसल्या. हे पाऊल पुढचे खरेच, पण गिरणगावातल्या एका खोलीत आठ-दहा माणसे राहत, त्या खोलीचे भाडे दहा रुपयांच्या खालीच असे. पुढे ही अट पाच रुपयांवर आली. म्हणजे नागरिकपण रुपयांत मोजले जात होते. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, आकड्यांना आम्ही भीत नाही. पण माणसाच्या मताची किंमत घरभाड्याच्या पावतीवरून ठरविणारा हिशेब आम्हाला कुठल्याही पुस्तकात शिकविला नव्हता.

बाबासाहेबांनी हा हिशेब फार लवकर ओळखला. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना त्यांनी मालमत्तेवर टेकलेल्या मताधिकाराने अस्पृश्यांना काहीच मिळणार नाही, हे दाखवून दिले. पुढे १९२८ मध्ये सायमन कमिशनच्या वेळी त्यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली. हे सांगणारे बाबासाहेब राहत होते कुठे? परळच्या बी.आय.टी. चाळीत. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, त्यानंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, त्या ट्रस्टने या चाळी बांधल्या. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला आणि चाळी पालिकेच्या ताब्यात आल्या. मताचा अधिकार मागणारा माणूस आणि मत नाकारला गेलेला भाडेकरू एकाच जिन्यावरून वर-खाली करीत होते. १९३५ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई म्युनिसिपल कामगार संघ स्थापन केला, तो याच लोकांसाठी. मत नव्हते त्यांच्या हाती निदान संघटना दिली.

शेवटी १९४८ मध्ये मुंबई महापालिकेची निवडणूक प्रौढ मताधिकारावर झाली. भाड्याची पावती गेली, कराची पावती गेली. पंचाहत्तर वर्षे लागली! १८७३ मध्ये पहिले सभागृह बसले आणि १९४८ मध्ये चाळीतली भांडी घासणारी बाई मतदान केंद्रावर गेली.

आपली माणसे त्या खुर्चीत

मताचा परिणाम दिसायला वेळ लागला नाही. १९५६ मध्ये सुलोचना मोदी मुंबईच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीने महापालिका जिंकली. त्या समितीत कम्युनिस्ट होते, समाजवादी होते, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनही होते. मीरत खटल्यात शिक्षा भोगलेले कॉम्रेड एस. एस. मिरजकर १९५८ मध्ये महापौर झाले आणि १९५९ मध्ये रिपब्लिकन चळवळीतले पी. टी. बोराळे त्या खुर्चीत बसले. प्रौढ मताधिकाराला अवघी अकरा वर्षे झाली होती आणि बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला तीन. चळवळीतल्या जुन्या लोकांच्या तोंडून हे नाव ऐकताना त्यांचा आवाज बदलतो, हे आम्ही स्वतः अनुभवले आहे.

१९९२ मध्ये चंद्रकांत हंडोरे महापौर झाले, तेव्हा आम्ही शाळेत होतो. वस्तीत गुलाल उधळला, हलगी वाजली. वडिलांनी कोपऱ्यावरून पेढे आणले. आमची आजी म्हणाली, “आता आपलं राज आलं.” त्याच वर्षाच्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत मुंबई पेटली. आजी विचारायची, “महापौर आपला हाय, मग पोलिसांना का सांगत न्हाई?” घरात कोणाला उत्तर देता आले नाही. मुंबईचे पोलीस महापालिकेच्या हाताखाली नाहीत, राज्य सरकारच्या हाताखाली आहेत, हे आम्हाला कॉलेजात गेल्यावर कळले. तोवर आजी गेली होती. आजीचा प्रश्न आणि परवाच्या मुलीचा प्रश्न एकच आहे. मधे तीन पिढ्या गेल्या, पण खुर्ची आणि लेखणी यांतला फरक घराघरांत समजावून सांगायचे काम आम्ही कार्यकर्त्यांनी केले नाही. हा दोष आम्ही पदरात घेतो.

२०१४ मध्ये महापौरपद अनुसूचित जातीतील महिलेसाठी राखीव होते, स्नेहल आंबेकर महापौर झाल्या. पक्ष कुठलाही असो, आपल्या समाजातली एक स्त्री त्या खुर्चीत बसली याचा आनंद वस्तीतल्या भगिनींना झाला आणि तो होणे योग्यच होते. ७४ व्या घटनादुरुस्तीने अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि स्त्रियांना निदान एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ पासून स्त्रियांचा वाटा निम्म्यावर आला. आज सभागृहाच्या २२७ निवडून द्यायच्या जागांपैकी निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. १९२३ मधल्या दोन स्त्रिया आठवल्या म्हणजे हे अंतर कळते.

मांडणारा तोच, मंजूर करणारा तोच

महापौरांच्या हाती खरी लेखणी द्यावी असा एक प्रयोग झाला होता. १९९८ मध्ये मुंबईत ‘मेयर-इन-कौन्सिल’ पद्धत आली. महापौर आणि त्यांचे सहकारी यांनी मंत्रिमंडळासारखा कारभार करावा, अशी कल्पना होती. तेव्हा नंदू साटम महापौर होते. १९९९ मध्ये ती पद्धत गुंडाळली गेली आणि १८८८ चे जुने तीन खांब पुन्हा उभे राहिले.

प्रयोग बरा की वाईट, यावर वाद होऊ शकेल. पण त्यानंतर जे घडले त्यावर वाद होऊ नये. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली. नवी निवडणूक वेळेवर झाली नाही. सरकारने आयुक्तांनाच प्रशासक नेमले. सभागृहाचे आणि स्थायी समितीचे अधिकार प्रशासकाकडे गेले. म्हणजे तिन्ही खांब एका माणसाच्या ठिकाणी आले. एक वर्ष नाही, दोन नाही, जवळजवळ चार वर्षे. पुढचे मतदान झाले ते जानेवारी २०२६ मध्ये.

या काळातला एक आकडा आम्ही वहीत लिहून ठेवला आहे. २०२५-२६ चा महापालिकेचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. एरवी आयुक्त फेब्रुवारीच्या सुरुवातीला अर्थसंकल्प स्थायी समितीपुढे मांडतात, समिती तो फिरवून पाहते, सभागृहात दिवसेंदिवस भाषणे होतात, नगरसेवक आपल्या प्रभागातल्या शाळेसाठी, दवाखान्यासाठी, शौचालयासाठी भांडतात. त्या वर्षी आयुक्तांनी अर्थसंकल्प मांडला आणि प्रशासक म्हणून त्यांनीच मंजूर केला. आमच्या कचेरीत साधे चहाचे बिल असले तरी तयार करणारा एक आणि तपासून मंजूर करणारा दुसरा, असा नियम आहे. हिशेबाचा पहिला धडा तोच आहे. चौऱ्याहत्तर हजार कोटींना मात्र तो नियम लागला नाही.

आम्ही कोणा अधिकाऱ्याच्या प्रामाणिकपणावर बोट ठेवीत नाही. अधिकारी चांगला असला तरी जाब विचारणारे सभागृह नसणे हा दोष आहे. फिरोजशहा मेहतांनी १८७१ मध्ये हेच सांगितले होते. दीडशे वर्षांनंतर शहर फिरून त्याच जागी येऊन उभे राहिले होते.

हार घालून झाल्यावर

फुले मंडईचा उल्लेख वर आला आहे. ज्यांचे नाव त्या मंडईला दिले ते जोतिराव स्वतः १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून त्यांच्या स्वागतावर नगरपालिकेच्या तिजोरीतून खर्च करायचे ठरले, तेव्हा सगळ्या सभागृहात जोतिरावांनी एकट्याने विरोध केला. लोकांच्या शिक्षणाला पैसा नाही आणि रोषणाईला आहे, हे त्यांना पटले नाही. त्यांच्याकडे महापौरांची खुर्ची नव्हती. आयुक्तांची लेखणीही नव्हती. एका सभासदाचे एक मत होते आणि ते त्यांनी योग्य जागी वापरले. म्हणून आज दीडशे वर्षांनी आपण त्यांची आठवण काढतो.

आपल्याला नगरसेवकाकडून हेच मागायचे आहे. महापौर कोणत्या जातीचा, कोणत्या पक्षाचा, हे आपण विचारतो. हार घालतो, फोटो काढतो, घरी येतो. यापुढे आणखी चार गोष्टी विचारू या. आपला नगरसेवक सभागृहात किती वेळा बोलला? आपल्या प्रभागासाठी अर्थसंकल्पात कोणत्या कामाला किती रक्कम धरली? त्यातली मार्चअखेर किती खर्च झाली आणि किती परत गेली? स्थायी समितीत कंत्राटी सफाईचा विषय आला तेव्हा तो कोणाच्या बाजूने उभा राहिला? अर्थसंकल्पाची पुस्तके उपलब्ध असतात. जे मिळणार नाही त्यासाठी २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा आहे. दहा रुपयांचा स्टँप लावून अर्ज करता येतो. एके काळी दहा रुपये भाडे भरल्याशिवाय मत मिळत नव्हते. आज त्याच दहा रुपयांत महापालिकेला हिशेब विचारता येतो.

माता-भगिनींना आमचे विशेष सांगणे आहे. नळाला पाणी कधी येते, शौचालयाची कडी कधी तुटली, पालिकेच्या शाळेत बाई किती दिवस आल्या नाहीत, हे पुरुषांपेक्षा तुम्हाला अधिक ठाऊक असते. ते एका वहीत तारखेसह लिहून ठेवा. महिन्याच्या शेवटी बचत गटाच्या बैठकीत ती वही उघडा आणि पुढच्या सोमवारी विभाग कार्यालयात घेऊन जा. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते, तारीख घातलेला कागद टेबलावर राहतो. हे आम्ही टेबलाच्या आतल्या बाजूने पाहिलेले आहे.

पुढच्या रविवारी आम्ही फळ्यावरचे वाक्य पुसले नाही. महापौर शहराचे प्रथम नागरिक आहेत, ते खरेच आहे. त्या वाक्याखाली आम्ही तीन चौकोन काढले. सभागृह, स्थायी समिती, आयुक्त. मग त्या मुलीला विचारले, “आता सांग, तुझ्या आईची जागा कुठे?” ती थोडा वेळ विचार करीत उभी राहिली. तिने आधी आयुक्तांच्या चौकोनाखाली ‘आई’ असे लिहिले. मग खडू हातात तसाच ठेवून तिने सभागृहाच्या चौकोनावर, अगदी फळ्याच्या वरच्या कडेला पाय उंचावून, पुन्हा ‘आई’ लिहिले. म्हणाली, “ती मत देते ना.”

जयभीम!